भिंत बांधली की सांगली सुटली?

आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ४० फुटांकडे सरकली की टपरीवर एक वाक्य ठरलेलं: "काठाला उंच भिंत घाला, पूर संपला." पण पाणी सांगलीत फक्त काठावरून चढत नाही. ते नाल्यांतून, गटारांतून उलटं येतं. सखल प्लॉटांत आधी पाणी कुठून शिरतं, हे जुन्या सांगलीकराला सांगायला नको. नाल्यांच्या तोंडाशी दरवाजे आणि आतलं पावसाचं पाणी उपसणारे पंप नसतील तर भिंतीआड हौदच तयार होतो. शिवाय एका काठाला अडवलेलं पाणी समोरच्या गावावर जातं.

त्यात शहराच्या खालच्या अंगाला, हरिपूरला, वारणा कृष्णेला मिळते. दोन्ही नद्या फुगल्या की कृष्णा मागे तुंबते. २०१९ ला पातळी ५७ फुटांवर गेली, ती काही एका दिवसात ओसरली नाही.

नदीला पसरायला ओत, म्हणजे पुराचं पाणी सामावणारे सखल पट्टे, होते. त्यांत भराव टाकून आपणच गुंठेवारी उभी केली! ते मोकळे ठेवणं हेही पूरनियंत्रणाचंच काम, भिंतीइतकंच. काठावर वाळुंज, करंज लावा, माती धरतील. पण झाडं महापूर अडवतील, हाही भ्रमच.