हवानाचे किल्ले: एकाची चूक, दुसऱ्याचा पाया

क्यूबाची राजधानी हवानाला आलेले पाहुणे बहुधा मोरो किल्ल्याच्या दीपगृहाचा फोटो काढून मोकळे होतात. खरं तर तिथले मुख्य किल्ले बांधले त्याच क्रमाने पाहावेत, कारण पुढचा प्रत्येक किल्ला आधीच्या किल्ल्यातली उणीव भरून काढायला उभा राहिला.

1555 मध्ये जाक द सोर्स या फ्रेंच चाच्याने तेव्हा स्पेनच्या ताब्यात असलेलं हे शहर लुटून जाळलं. त्यानंतर 1558 मध्ये रेआल फुएर्साचं काम सुरू झालं आणि संपायला 1577 उजाडलं. प्लासा दे आर्मास या जुन्या शहरातल्या चौकाला लागून असलेला हा किल्ला आखणीने देखणा आहे: चौरस, कोपऱ्यांना बाणाच्या टोकासारखे चार बुरूज, भोवती खंदक. जागा मात्र चुकली. बंदराच्या तोंडापासून तो इतका आत आहे की शत्रूचं जहाज तोफेच्या टप्प्यात येईतो बंदरात शिरलेलंच असायचं. मग गव्हर्नरांनी तिथे बिऱ्हाड थाटलं.

म्हणून 1589 पासून आन्तोनेल्ली या इटालियन अभियंत्याने थेट तोंडावरच मोरो आणि समोर ला पुन्ता उभारले. रात्री दोघांमध्ये साखळदंड ताणला जाई. समुद्राकडून बंदोबस्त चोख होता, पण पाठीमागची काबान्या टेकडी मोकळीच राहिली. 1762 च्या जूनमध्ये इंग्रज पूर्वेला कोहिमारजवळ उतरले, टेकडीवर तोफा चढवल्या, खडकात सुरुंग खणला आणि 30 जुलैला मोरोला खिंडार पाडलं. ऑगस्टमध्ये शहर शरण आलं. स्पेनला ते 1763 मध्ये फ्लोरिडाच्या बदल्यात परत मिळालं आणि त्याच वर्षी टेकडीवर ला काबान्याचं काम सुरू झालं. 1774 मध्ये पुरा झालेला हा किल्ला सुमारे 700 मीटर लांब आहे. इंग्रजांना टेकडी का हवी होती, ते त्याच्या तटावरून शहराकडे पाहिलं की लगेच कळतं.

सकाळी रेआल फुएर्सा पाहून दुपारी जुन्या शहराच्या धक्क्यावरून खाडीपलीकडच्या कासाब्लांका वस्तीची लाँच पकडा. चढताना पिशव्या तपासतात, मोठं सामान नेऊ नका. पलीकडे चढ आहे. मोरो उजेडी पाहून काबान्यात साडेआठच्या आत पोचा. नऊला तोफ उडते. पूर्वी ती शहराच्या वेशी बंद होण्याची इशारत होती. शहराची तटबंदी 1863 पासून पाडली गेली, तोफ चालूच राहिली.

फजिती होते ती परतताना. खाडीखालच्या बोगद्यातून पायी जाता येत नाही आणि तोफेनंतर सगळे एकदमच टॅक्सी शोधतात. आधीच एखाद्या टॅक्सीवाल्याशी परतीचं ठरवून ठेवा.