उत्तर-आधुनिकता आणि ख्रिस्ती मंडळी

उत्तर-आधुनिकता आणि ख्रिस्ती मंडळी : सर्वांना लागू पडणारे एकच सत्य, एकच इतिहास आणि ते सांगण्याचा अधिकार असलेली एकच संस्था या तिन्हींवरचा विश्वास ढासळलेल्या काळात ख्रिस्ती श्रद्धा, उपासना व कारभार यांची चाललेली फेरमांडणी. मराठी ख्रिस्ती समाज ‘मंडळी’ हा शब्द इमारतीसाठी नव्हे, माणसांसाठी वापरतो. या नोंदीतही तोच अर्थ आहे, आणि उदाहरणे मुख्यतः नागपूरची आहेत. फ्रेंच तत्त्वज्ञ झां-फ्रान्स्वा ल्योतार यांनी १९७९ मध्ये उत्तर-आधुनिक अवस्थेचे वर्णन महाकथनांवरचा अविश्वास असे केले. प्रगती, मुक्ती, इतिहासाची अटळ वाटचाल अशा कहाण्या त्यांच्या डोळ्यांसमोर होत्या; मात्र पापापासून तारणापर्यंतची ख्रिस्ती कहाणीही त्याच मापाने मोजली जाऊ लागली.

धर्मचिंतकांची उत्तरे वेगवेगळी आहेत. जॉर्ज लिंडबेक (१९८४) यांच्या मते सिद्धांत हे मंडळीच्या भाषेचे व्याकरण. ते बाहेरून सिद्ध करायचे नसते, जगण्यातून आत्मसात करायचे असते. झां-ल्यूक मारियाँ (१९८२) देवाला ‘अस्तित्व’ या कल्पनेच्या चौकटीतून सोडवू पाहतात. जॉन मिलबँक (१९९०) उलट बाजूने येतात आणि ऐहिक (धर्माला बाजूला ठेवणारा) विवेक स्वतःच एक दडवलेली श्रद्धा आहे, असे म्हणतात. नागपूरला सर्वांत जवळचे वाटावेत ते लेस्ली न्यूबिगिन. अनेक दशके दक्षिण भारतात बिशप व मिशनरी म्हणून काम करून ते ब्रिटनला परतले आणि १९८९ मध्ये त्यांनी मांडले की शुभवर्तमानाचा, म्हणजे येशूविषयीच्या संदेशाचा, अर्थ लोकांना कळतो तो युक्तिवादातून नव्हे, तर ते जगणाऱ्या मंडळीकडे पाहून.

नागपूरची पार्श्वभूमी

पाश्चात्त्य ग्रंथांत हा प्रश्न रिकाम्या होत चाललेल्या चर्चपासून सुरू होतो. नागपुरात तसे नाही. येथे एका गल्लीत विहार, दुसरीत देऊळ, तिसरीत मशीद असते आणि ख्रिस्ती माणूस कायमच थोड्यांतला असतो. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात ख्रिस्ती लोकसंख्या १०,८०,०७३, म्हणजे ०.९६ टक्के होती. अनेक सत्ये शेजारी नांदणे ही येथे नवलाई नाही. नवी आहे ती मिशनची सावली सरल्यावरची स्थिती : बंगला, शाळा आणि दवाखाना यांच्या बळावर बोलणारी मंडळी आता केवळ आपल्या वागण्याच्या बळावर बोलते.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले. स्कॉटिश मिशनच्या शिक्षणकार्यातून १८८३ मध्ये उभे राहिलेले महाविद्यालय आजही त्यांचे नाव चालवते. या कहाणीची कसोटी १९५६ मध्ये दोन बाजूंनी लागली. नागपूर तेव्हा मध्य प्रदेशाची राजधानी होते. निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली १९५४ मध्ये नेमलेल्या समितीचा अहवाल १९५६ मध्ये आला. त्यात मिशनऱ्यांचे धर्मांतर-कार्य आणि परकीय पैसा यांवर कठोर टीका होती. ख्रिस्ती नेत्यांनी अहवालाच्या पद्धतीवर व निष्कर्षांवर आक्षेप घेतले आणि ते घेण्यासारखे होते. तरी भारतीय चर्चनी परकीय आधाराशिवाय एक स्वतंत्र, संयुक्त चर्च उभारावे ही त्यातली शिफारस विसरून चालणार नाही. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. ख्रिस्ती धर्माचा विचार करून त्यांनी तो बाजूला ठेवला होता. जात ख्रिस्ती मंडळीतही टिकून आहे, हे त्यांनी आधीच दाखवून दिले होते. पहिली टीका सत्तेकडून आली, दुसरी पिडलेल्यांकडून. मंडळीला आजही जास्त अस्वस्थ करायला हवी ती दुसरी.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचे संयुक्त चर्च, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश-ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथडिस्ट अशी वेगवेगळ्या प्रॉटेस्टंट पंथांची सहा चर्च तीत एकत्र आली. वाटाघाटी १९२९ पासून चालू होत्या, त्यामुळे हे ऐक्य नियोगी अहवालाचे फलित मानता येत नाही. ‘उत्तर-आधुनिक’ हा शब्द येथे पोचण्यापूर्वीच या ऐक्याने त्यातला अवघड धडा गिरवला होता. बाल-बाप्तिस्मा (बाळाला पाण्याच्या विधीने मंडळीत घेणे) आणि प्रौढपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्ही पर्यायी रीती म्हणून मान्य झाले. पहिल्या रीतीत बाप्तिस्म्यानंतर वयात आल्यावर दृढीकरण, म्हणजे स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, होतो. दुसरीत बाळाचे समर्पण आधी आणि बाप्तिस्मा नंतर. बाल-बाप्तिस्मा सदसद्विवेकाला पटत नसेल, तर पाळकावर (मंडळीच्या धर्मगुरूवर) त्याची सक्ती नाही. एका घरात दोन भावंडांच्या दोन रीती असू शकतात, आणि त्यामुळे मंडळी फुटत नाही.

याहून जुना, अस्सल मराठी प्रयोग कवी नारायण वामन टिळकांचा. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांच्या हाती पडला. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तशिष्यांना सारखीच जागा होती. हा मुद्दा आजही जिवंत आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशानुसार ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीचा दर्जा मिळत नाही. बौद्धांना तो १९९० पासून मिळतो. म्हणून कित्येक जण वर्षानुवर्षे उपासनेला येतात, पण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सही करत नाहीत. त्यांना ‘अर्धवट विश्वासी’ म्हणणे अन्यायाचे आहे.

वचनवाचन

फेरविचाराचे खरे काम परिसंवादात होत नाही. आठ ते बारा जणांच्या वाचनगटात होते. बारापेक्षा जास्त माणसे झाली की बायका आणि तरुण गप्प बसतात. बैठक दीड तासाची, कोणाच्या तरी घरी. बायबलमधला उतारा दहा ते वीस वचनांचा. तो दोन वेगळ्या भाषांतरांतून, दोन वेगळ्या आवाजांत वाचायचा. पंडिता रमाबाईंचे भाषांतर मिळाले तर दुसरा आवाज त्याचा असावा, कारण त्यांनी ते साध्या बायकांना कळावे म्हणून केले. मग तीन-चार मिनिटे शांतता. प्रश्नांचा क्रम मोडू नये : आधी ‘येथे काय घडते?’, मग ‘येथे कोण बोलत नाही?’, आणि शेवटी ‘हे आपल्याला कुठे अडते?’ तिसरा प्रश्न आधी घेतला की बैठकीची साक्षसभा होते, म्हणजे जो तो आपलाच अनुभव सांगत बसतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातल्या कनानी, म्हणजे यहुदी नसलेल्या, बाईचा प्रसंग घ्या. आजारी मुलीसाठी ती ओरडत येते, शिष्य तिला घालवून द्या म्हणतात, आणि येशू मुलांची भाकर कुत्र्यांना घालण्याविषयी बोलतो. ठरलेल्या उपदेशात हा प्रसंग ‘विश्वासाची परीक्षा’ म्हणून दोन वाक्यांत उरकला जातो. ज्यांच्या आजी-आजोबांना वरून भाकर टाकली गेली, त्यांच्या कानाला तो शब्द तसा सुटत नाही. १९८१ मध्ये महाराष्ट्रातलेच अरविंद निर्मळ यांनी बंगळूरच्या व्याख्यानात दलित ईशज्ञानाची (दलित अनुभवातून केलेल्या धर्मचिंतनाची) जी दिशा दाखवली, ती नेमकी या जागी उपयोगी पडते : उतारा वाचणाऱ्याची वेदना हा अर्थ लावण्याचा अडथळा नाही, ते त्याचे साधन आहे. गटात कोणी म्हणेल, बाई वादात जिंकते आणि येशू ते मान्य करतो. कोणी म्हणेल, शब्द तरीही बोचतो. दोन्ही वाचने उताऱ्यात आधार दाखवू शकतात, आणि दोन्ही टिकू द्यावीत.

‘ज्याला जो अर्थ लागला तो खरा’ असे मात्र होऊ देऊ नये. सगळे अर्थ सारखेच ठरले की वचनाला कोणावरही पकड उरत नाही आणि तीन महिन्यांत गट बंद पडतो. नियम सोपा : अर्थ सांगणाऱ्याने वचनावर बोट ठेवून दाखवायचे. दुसरे नेहमीचे बिघडणे म्हणजे पाळकसाहेब हजर असले की सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहतात. त्यांनी दर चौथ्या बैठकीला यावे, शेवटी बोलावे आणि निकाल देऊ नये.

उपासना

शहरात मराठी, हिंदी, इंग्रजी आणि दक्षिणी भाषांत उपासना चालतात. तरुणांसाठी सगळीच गाणी बदलली की वडीलधारे तुटतात. काहीच बदलले नाही की मुले दुसरीकडे जातात. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली तीन आणि नवे एक, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी झेपते. टिळकांचे अभंग टाळ-पेटीवर म्हटले की ते कोणालाच परके वाटत नाहीत, आणि ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा पुन्हा उचलायला दुसरा मुहूर्त शोधण्याची गरज नाही. उपदेश वीस-पंचवीस मिनिटांचा असावा. प्रश्नोत्तरे आशीर्वचनानंतर, चहाबरोबर, बाजूच्या खोलीत घ्यावीत; प्रभुभोजनाच्या (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याच्या विधीच्या) आधी घेतली तर वाद मेजापर्यंत जातो. २०२० पासून रुळलेले ऑनलाइन प्रक्षेपण आजारी आणि बाहेरगावच्या माणसांसाठी ठेवावे. त्यांना प्रभुभोजन द्यायचे तर त्याच आठवड्यात दोघांनी घरी जावे. पडद्यासमोर ठेवलेली भाकर भेटीची जागा घेत नाही.

विवाह

आंतरधर्मीय लग्न हा फेरविचाराचा सर्वांत रोजचा प्रसंग. भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याखाली (१८७२) वधूवरांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो. पाळक तो लावतील की नाही, हे त्या-त्या चर्चच्या नियमांवर ठरते. विशेष विवाह कायद्यासाठी (१९५४) नोटिशीपूर्वी दोघांपैकी एकाचे जिल्ह्यात किमान ३० दिवस वास्तव्य, नोटिशीनंतर ३० दिवसांची मुदत आणि तीन साक्षीदार लागतात. नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न न झाल्यास नवी नोटीस द्यावी लागते. घोटाळा होतो तो उशिराने. पत्रिका छापून झाल्यावर घर पाळकांकडे येते आणि वधूचा घाईघाईने बाप्तिस्मा उरकला जातो. त्या बाप्तिस्म्यात तिची स्वतःची कबुली किती आणि सासरचा आग्रह किती, हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. किमान चार महिने आधी दोघांशी वेगवेगळे बोलावे, नोंदणी आधी करून घ्यावी, आणि बाप्तिस्म्याचा विषय लग्नाच्या तारखेपासून निदान एक वर्ष दूर ठेवावा.