चाणक्याचे दोन दिवे: गोष्ट फिरते, आधार नाही

दर काही महिन्यांनी हा मजकूर व्हॉट्सॲपवर फिरून येतो. एक चिनी प्रवासी चाणक्याच्या झोपडीत जातो. लिहिण्याचं काम संपताच चाणक्य एक दिवा मालवतो आणि दुसरा लावतो. का, तर पहिल्यात सरकारी तेल आणि आता गप्पा खासगी! खाली टोमणा असतोच: ऑफिसच्या प्रिंटरवर मुलांचे प्रोजेक्ट छापणाऱ्यांनी वाचावं.

ही गोष्ट ना चाणक्याच्या नावावरच्या 'अर्थशास्त्र' ग्रंथात आहे, ना त्याच्यावरच्या 'मुद्राराक्षस' या संस्कृत नाटकात. प्रसिद्ध चिनी प्रवाशांपैकी फाहियान भारतात होता पाचव्या शतकाच्या सुरुवातीला, ह्युएनत्संग सातव्यात. चाणक्य इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातला. म्हणजे पाहुणा किमान ७०० वर्षं उशिरा पोचला. शिवाय अगदी अशीच दिव्याची गोष्ट इस्लामी परंपरेत खलिफा उमर बिन अब्दुल अझीझ (कारकीर्द इ.स. ७१७ ते ७२०) यांच्याबद्दल पूर्वापार सांगतात.

गंमत म्हणजे मूळ ग्रंथ यापेक्षा कितीतरी रोखठोक आहे. म्हैसूरच्या शामशास्त्रींनी १९०९ साली छापून उजेडात आणलेल्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात (भागात) खजिना घटण्याची आठ कारणं दिली आहेत. त्यांतलं एक 'उपभोग', म्हणजे राजाचा माल स्वतः वापरणं किंवा दुसऱ्याला वापरू देणं. रत्नं वापरली तर थेट देहदंड. चंदनासारख्या किमती मालाला मध्यम साहसदंड, म्हणजे मधल्या पायरीचा दंड. किरकोळ वस्तू असेल तर ती परत करायची, वर तेवढाच दंड. प्रिंटरचा कागद बहुधा या शेवटच्या वर्गात बसेल.