पान्हा चोरणारी म्हैस, साखर वाढलेली मांजर

कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर एका संध्याकाळी पेल्याची वाट बघत उभा होतो. म्हैस पान्हवली होती, धारा सुरू झाल्या होत्या. तेवढ्यात पावसाचे दोन थेंब पडले आणि मागं कुणीतरी फटकन छत्री उघडली. म्हैस दचकली. दूध बंद. गवळीदादा छत्रीवाल्याकडं न बघताच म्हणाले, “मिटा की ओ ती. आता ही चोरणार.” मग कितीतरी वेळ नुसता पाठीवरून हात, कासेला हात आणि तोंडानं “हो गं, हो गं”. पेला मिळाला, पण उशिरा.

पान्हा चोरणं ही म्हशीची लबाडी नव्हे. दूध खाली उतरायला मेंदूतल्या पियुषिका ग्रंथीतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक रक्तात यावं लागतं. म्हैस घाबरली की ते सुटायचंच थांबतं. शिवाय भीतीनं सुटणाऱ्या अ‍ॅड्रेनलिनमुळं कासेच्या रक्तवाहिन्या आवळतात आणि उरलंसुरलंही पोहोचत नाही. गायीच्या कासेत साधारण पाचवा हिस्सा दूध आधीच खाली उतरलेलं असतं, म्हशीच्या जेमतेम ५ टक्के. म्हणून म्हशीवाल्याला गोड बोलावंच लागतं.

चांगल्या डॉक्टरबद्दल आपण म्हणतो, त्यांच्या हाताला गुण आहे. जनावरांच्या दवाखान्यात हा गुण चक्क रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसतो, हे मला आमच्या सोनीमुळं कळलं.

सोनी आमची दहा वर्षांची मांजर. खाईना झाली म्हणून भाजीच्या पिशवीत घालून (चूक माझीच) एका दवाखान्यात नेली. शेजारी दोन कुत्री भुंकत होती. दोघांनी मानगूट धरून, बरीच झटापट करून रक्त काढलं. साखर २६०. “डायबेटिस आहे, उद्यापासून इन्सुलिन,” असं सांगून त्यांनी पुढच्याला आत बोलावलं.

दुसऱ्या डॉक्टरांनी तो आकडा बघून आधी विचारलं, “रक्त काढताना लई दंगा केला का हिनं?” घाबरलेल्या मांजराचं यकृत पळण्या-झगडण्याच्या तयारीनं रक्तात साखर ओततं. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी मांजरांना पाच मिनिटं फवाऱ्याखाली आंघोळ घातली होती. सगळ्यांना सारखंच पाणी, पण जी जास्त झगडली त्यांची साखर जास्त चढली. ती उतरायला दीडेक तास लागला. पांढऱ्या पेशींचंही तसंच आहे. एरवी रक्तवाहिनीच्या कडेला चिकटून बसलेल्या पेशी अ‍ॅड्रेनलिन सुटलं की प्रवाहात येतात आणि कागदावर जंतुसंसर्गासारखा आकडा उमटतो. रक्तदाब आणि नाडीचं तर विचारूच नका.

या डॉक्टरांनी फ्रुक्टोसामाईनची चाचणी करायला सांगितली. ती गेल्या दोन-एक आठवड्यांतल्या साखरेचा हिशेब देते, पाच मिनिटांच्या भीतीला फसत नाही. सोनीचा आकडा नॉर्मल आला. दुखणं होतं दाताचं. निरोगी मांजराला इन्सुलिन दिलं असतं तर साखर कुठवर घसरली असती, याचा विचार मी आता करत नाही.

दात सापडला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. डॉक्टरांनी दार लावलं, पंखा बंद केला आणि टोपलीचं वरचं झाकण काढून सोनीला तळातच बसू दिलं. मग तिच्याकडं न बघता आमच्याशीच बोलत बसले: कोरडं खाते का, एका बाजूनं चावते का. प्राण्यांच्या जगात डोळ्याला डोळा भिडवणं म्हणजे धमकी असते. नळीचं टोक तळहातात धरून ऊबदार केलं आणि छातीला लावलं, तर बाईसाहेब गुरगुरायला लागल्या. मांजर आजारी असली, घाबरली तरी गुरगुरते; वर त्या आवाजात हृदयाचे ठोके ऐकू येत नाहीत. त्यांनी शांतपणे बेसिनचा नळ सोडला. सोनीनं कान टवकारले, गुरगुर थांबली, ठोके मोजून झाले. तोंड सगळ्यात शेवटी उघडलं.

मांजर दुखतंय म्हणून सांगत नाही, गप्प पडून राहते. आपल्याला वाटतं, निवांत आहे. माँट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजायची पट्टी प्रसिद्ध केली. कान, डोळे, तोंडाचा ताण, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला ० ते २ गुण. १० पैकी ४ भरले की वेदनाशामक द्यायचा विचार करायचा. तो डॉक्टरांनी करायचा. मायेपोटी घरातली पॅरासिटामॉल देऊ नका, मांजराच्या जिवावर बेतते.

तुम्ही म्हणाल, ओळीत वीस जनावरं असताना नळ सोडत कोण बसणार? खरं आहे. पण झटापटीत काढलेलं रक्त पुन्हा काढावं लागलं तर वेळ कुणाचा वाचला?

आणि घाबरलेलं जनावर एकटं नसतं, दोरीच्या दुसऱ्या टोकाला आपण असतो. बेलफास्टमध्ये २०२२ साली शिकवलेल्या कुत्र्यांनी माणसाच्या नुसत्या घामाच्या आणि श्वासाच्या वासावरून तो ताणात होता की नव्हता, हे ओळखून दाखवलं. म्हणजे मालकाला धीर देणं हेही कामच. फक्त धीर म्हणजे “काय होत नाही ओ” नव्हे. पार्व्हो विषाणूनं रक्ताचे जुलाब लागलेल्या पिलाच्या मालकाला असं सांगणं मला निर्दय वाटतं.

सोनीच्या फेरतपासणीला गेलो तेव्हा एक तालमीतला गडी म्हाताऱ्या कुत्र्याला मांडीवर घेऊन बसला होता. शेवटचं इंजेक्शन द्यायचं ठरलं होतं. डॉक्टर खाली फरशीवर बसले आणि आधीच सांगितलं, “हे भुलीचंच औषध, जास्त मात्रेचं. काही सेकंदांत शुद्ध जाईल. डोळे मिटणार नाहीत, उघडेच राहतील. नंतर एखादा मोठा श्वास येईल, तो दुखण्याचा नसतो, त्याला काही कळत नसतं.” गड्यानं मान हलवली आणि कानामागं खाजवत राहिला. थोड्या वेळानं तो श्वास आला. गडी दचकला नाही. हात तसाच चालू होता.