कसोटीच्या दगडावरचा थेंब

आमचं बिऱ्हाड कोल्हापुरात गुजरीच्या, म्हणजे सराफबाजाराच्या, मागच्या बोळात होतं. शाळा सुटली की मी ओळखीच्या एका सोनारकाकांच्या पेढीवर जाऊन बसायचो. गिऱ्हाईक जुनी बुगडी नाहीतर पुतळीचा एखादा मणी पुढं ठेवायचं, काका तो काळ्या कसोटीच्या दगडावर हलकेच घासायचे आणि दगडावर पिवळी रेघ उठायची. मग काचेच्या कांडीनं बाटलीतला एक थेंब त्या रेघेवर सोडायचे. पितळ असेल तर रेघ हिरवट होऊन बघता बघता नाहीशी व्हायची. सोनं असेल तर थेंब नुसता बसून राहायचा. काका तो फडक्यानं टिपून घ्यायचे, खाली रेघ जशीच्या तशी.

बाटलीत नायट्रिक अ‍ॅसिड असायचं. काका त्याला तेजाबच म्हणायचे. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी असत, साबणानं धुतली तरी तशीच. फार वर्षांनी कॉलेजात शिकताना कळलं की तो डाग रंगाचा नव्हे. नायट्रिक अ‍ॅसिड कातडीतल्या प्रथिनांशी जोडलं जातं आणि त्यातून पिवळा पदार्थ तयार होतो, म्हणजे ती पिवळी पडलेली कातडीच असते. ती झडून खालची नवी वर येईपर्यंत डाग जात नाही. काकांची एक कातडी झडायच्या आत दुसरी पिवळी होत होती.

पुढं मी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिकं घेण्यात नोकरी घालवली. आता निवृत्त आहे, पण गल्लीतली मुलं अजून प्रश्न घेऊन येतात. परवा अकरावीतला एक जण आला. फोनवर त्यानं कसले कसले व्हिडिओ पाहिले होते. अ‍ॅसिडात नाणं विरघळतंय, कोंबडीची तंगडी विरघळतेय, जुन्या मोबाइलच्या पट्टीतून सोनं निघतंय. म्हणाला, "सर, सगळ्यात जहाल अ‍ॅसिड कुठलं? घरी आणून बघणार हाय."

त्याच्या डोळ्यांतली चमक मला ओळखीची होती, त्यामुळं रागावलो नाही. पण त्याच्या प्रश्नातच घात आहे, हे त्याला सांगायला माझी अख्खी संध्याकाळ गेली. आपण 'अ‍ॅसिड' म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढं जाळणारं एकच पाणी असतं, कुठं कमी जाळणारं, कुठं जास्त. खरं तर प्रत्येक अ‍ॅसिडाची काम करायची तऱ्हा वेगळी, आणि माणसाला इजा करायची तऱ्हाही वेगळी. एकाशी वागायची सवय दुसऱ्यापुढं उपयोगी पडत नाही.

नायट्रिकचंच घ्या. अमेरिकेतले नामांकित रसायनशास्त्रज्ञ आयरा रेमसेन यांनी आपल्या लहानपणची हकिकत सांगून ठेवली आहे. नायट्रिक अ‍ॅसिडची तांब्यावर क्रिया होते, एवढंच एका पुस्तकात वाचून त्यांनी तांब्याचं एक नाणं टेबलावर ठेवलं आणि वर अ‍ॅसिड ओतलं. हिरवा-निळा फेस आला, तांबूस वाफा उठल्या, खोलीत थांबवेना. नाणं उचलून खिडकीबाहेर फेकावं म्हणून हात घातला तर बोटं भाजली. ती पँटला पुसली तर पँटलाही भोकं पडली. रेमसेन म्हणत, ह्या प्रयोगानंच मला रसायनशास्त्राकडं ओढलं.

ह्या हकिकतीत सगळ्यांचं लक्ष बोटांकडं जातं. माझं जातं त्या तांबूस वाफेकडं. ती नायट्रोजन डायऑक्साइडची. घशाला थोडी खवखव होते, खोकला येतो, बाहेर मोकळ्या हवेत गेलं की बरं वाटतं. माणूस जेवतो, झोपतो. आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. हुपरीत आणि गुजरीत चांदी-सोनं गाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आलेत. जुने कारागीर भांडं उघड्यावर ठेवून वाऱ्याच्या वरच्या अंगाला का उभे राहायचे, ते ह्यातून कळतं. मोबाइलच्या पट्ट्या घेऊन बंद न्हाणीघरात बसणाऱ्या पोराला ते कुणी सांगितलेलं नसतं. व्हिडिओत वास येत नाही.

गाळण्याच्या ह्या कामात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे. सोन्यात थोडी चांदी मिसळलेली असेल तर ती नायट्रिकनं निघत नाही. सोन्याचे अणू चांदीच्या अणूंना चहूबाजूंनी वेढून बसतात, अ‍ॅसिड आत पोचतच नाही. म्हणून कारागीर उलटं करतो. सोन्यात आणखी चांदी घालून वितळवतो, चारांत साधारण एक भाग सोनं उरेल इतकी. आता चांदीला चांदी लागून आतपर्यंत वाट तयार होते, सगळी चांदी विरघळते आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. शुद्ध सोनं ते हेच, फक्त चकाकत नाही. मग त्या पाण्यात तांब्याची पट्टी बुडवली की विरघळलेली चांदी पट्टीवर सुयांसारखी उगवायला लागते आणि पाणी हळूहळू निळं होतं. चांदी बाहेर आली, तिच्या बदल्यात तांबं आत गेलं. कसलंही पुस्तक न वाचलेली माणसं हे करत आली आहेत, ह्याचा मला फार अभिमान वाटतो.

सोन्याला नायट्रिक एकट्यानं हात लावू शकत नाही आणि हायड्रोक्लोरिकही नाही. दोन्ही एकत्र केली, एकाला तीन ह्या प्रमाणात, की अम्लराज तयार होतं आणि त्यात सोनं विरतं. नायट्रिक सोन्याचा एखादा अणू सुटा करतं, पण तो लगेच परत बसायला बघतो. हायड्रोक्लोरिकमधलं क्लोराइड त्याला तिथल्या तिथं धरून ठेवतं, परत जाऊ देत नाही. मग पुढचा अणू, मग त्याच्या पुढचा. १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या तेव्हा नील्स बोर यांच्या संस्थेत जॉर्ज द हेवेशी यांनी माक्स फॉन लाउए आणि जेम्स फ्रांक ह्या दोघांची सोन्याची नोबेल पदकं अशीच विरघळवून बाटली फळीवर ठेवून दिली. झडती झाली, बाटलीकडं कुणी पाहिलं नाही. युद्ध संपल्यावर त्यातलं सोनं परत मिळवून पदकं नव्यानं पाडली गेली.

आता सल्फ्युरिक. ह्याचा स्वभाव कोल्हापूरकराला साखरेवरूनच सांगायला हवा.

प्रात्यक्षिकाच्या तासाला मी दरवर्षी हा प्रयोग स्वतः करून दाखवायचो. काचेच्या चंचुपात्रात दोन-तीन चमचे साखर घ्यायची आणि वरून तीव्र सल्फ्युरिक अ‍ॅसिड. पहिली काही क्षणं काहीच होत नाही. मुलं चुळबुळ करायला लागतात. मग साखर पिवळसर होते, तपकिरी होते, काळी होते आणि एकदम वाफा टाकत एक काळा, फुगीर खांब पात्राच्या वर चढायला लागतो. वर्गभर जळक्या साखरेचा वास, आणि त्याच्यामागं नाकाला झोंबणारा गंधकाचा. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. त्यातल्या हायड्रोजन-ऑक्सिजनचं पाणी करून हे अ‍ॅसिड ते ओढून घेतं, मागं कोळसा उरतो. ३४२ ग्रॅम साखरेत १४४ ग्रॅम कार्बन असतो, बाकीचं सगळं पाण्याच्या हिशोबातलं. म्हणजे ही आग नव्हे, तहान आहे. कातडीवर, डोळ्यावर पडलं की तिथलंही पाणी असंच ओढलं जातं आणि वर उष्णता सुटते ती वेगळीच.

ह्याच तहानेमुळं अ‍ॅसिड पातळ करताना ते पाण्यात ओतायचं, पाणी अ‍ॅसिडात कधीच नाही. तीव्र सल्फ्युरिक पाण्याच्या १.८४ पट जड. त्यावर पाणी ओतलं तर ते वरच तरंगतं, जिथं दोन्ही भेटतात तिथं क्षणात उकळतं आणि अ‍ॅसिड तोंडावर उडवतं. बॅटरीच्या दुकानात मिळतं ते आधीच पातळ केलेलं, जेमतेम पस्तीस-सदतीस टक्के. त्यामुळं पोरांना वाटतं, एवढं काही नसतंय. पण कपड्यावर उडालेल्या थेंबातलं पाणी उडून जातं, अ‍ॅसिड जात नाही. ते घट्ट होत जातं आणि दुसऱ्या दिवशी धुताना कापडाला भोक पडतं.

इथवर मुलगा गप्प ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे सल्फ्युरिकच सगळ्यात जहाल ना?"

रसायनशास्त्रात जोरदार अ‍ॅसिड कोणतं ते ठरवण्याची रीत साधी आहे. पाण्यात गेल्यावर आपला हायड्रोजन आयन, म्हणजे विद्युतभार असलेला हायड्रोजन, किती सहज सोडून देतं, तेवढंच बघायचं. हायड्रोक्लोरिक, नायट्रिक, सल्फ्युरिक तो जवळजवळ पूर्ण सोडतात. व्हिनेगर पातळ असताना शंभरातला एखादाच सोडतं. आणि हायड्रोफ्लोरिक अ‍ॅसिड तेवढ्याच पातळपणाला शंभरातले आठ-दहा. पुस्तकात त्याची नोंद दुबळ्या अ‍ॅसिडांत आहे. माझ्या सगळ्या नोकरीत मला ज्याची खरी भीती वाटली ते हेच.

उद्यमनगरात माझा एक जुना विद्यार्थी स्टेनलेस स्टीलच्या टाक्या बनवतो. वेल्डिंगनंतरचा काळा डाग काढायला एक पांढरी पेस्ट लावतात, तिच्यात नायट्रिकबरोबर थोडं हायड्रोफ्लोरिक असतं. त्याच्या हाताखालच्या पोराच्या हातमोज्याला बोटाशी बारीक भोक होतं. दुपारी काही जाणवलं नाही, पोरानं हात धुतले आणि घरी गेला. रात्री बोट ठणकायला लागलं, इतकं की माणूस भिंतीवर डोकं आपटेल. वरून बघावं तर कातडी किंचित पांढरट, बाकी काही नाही. माझ्या विद्यार्थ्याला सुचलं आणि त्यानं पेस्टचा डबा बरोबर घेतला, म्हणून डॉक्टरांना लेबल वाचता आलं आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावता आलं. बोट वाचलं.

हे असं का होतं? हायड्रोजन सोडला नाही म्हणजे रेणू अख्खा राहिला, त्यावर विद्युतभार नाही. असा रेणू कातडीतून सहज आत जातो. आत गेल्यावर फ्लोराइड सुटतं आणि समोर येईल तिथलं कॅल्शियम धरतं, पार हाडापर्यंत. नसांचं आणि हृदयाचं काम कॅल्शियमवर चालतं. म्हणून तीव्र हायड्रोफ्लोरिक दोन-तीन पंजांएवढ्या जागेवर सांडलं तरी हृदय बंद पडू शकतं. त्याचा दुबळेपणाच त्याला आत घेऊन जातो, आणि पातळ असेल तर कळ यायला कधी अख्खा दिवस लागतो.

ह्यातून फ्लोरिन वेगळं काढण्याच्या नादात एकोणिसाव्या शतकात कितीतरी माणसांनी प्रकृती गमावली. हम्फ्री डेव्हींना इजा झाली, बेल्जियमचे लूये आणि फ्रान्सचे निकलेस जिवाला मुकले. शेवटी १८८६ मध्ये आंरी म्वासाँ यांना ते साधलं, आणि १९०६ मध्ये नोबेल मिळालं. हे अ‍ॅसिड काच खातं, म्हणून ते मेणाचा थर दिलेल्या बाटलीत ठेवत. मेणाला ते काही करत नाही.

त्या मेणाचीच पुढची गोष्ट. १९६६ मध्ये अमेरिकेत जॉर्ज ओला यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तरुणानं नाताळच्या मेजवानीतली मेणबत्ती उचलून त्यांच्या नव्या अतिअम्लात, म्हणजे सल्फ्युरिकहूनही जोरदार अम्लात, टाकली, आणि मेण विरघळलं. त्या अम्लाला 'मॅजिक अ‍ॅसिड' असंच नाव पडलं. ओलांना १९९४ मध्ये ह्याच प्रकारच्या कामासाठी नोबेल मिळालं. आणि २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ख्रिस्तोफर रीड यांच्या गटानं कार्बोरेन अ‍ॅसिड बनवलं. जोर तीव्र सल्फ्युरिकच्या निदान दहा लाख पट, पण काचेच्या साध्या बाटलीत राहतं. हायड्रोजन सोडून उरलेला त्याचा भाग इतका शांत असतो की तो कुणाच्या वाटेला जात नाही. मग जहाल कुणाला म्हणायचं, सांग.

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर दुकानदारानं ओळखपत्र बघून, नाव आणि कारण वहीत लिहूनच अ‍ॅसिड विकायचं असतं, अठरा वर्षांखालच्याला तर नाहीच. ते मी त्याला सांगितलंच. घरातल्या संडास धुवायच्या अ‍ॅसिडात ब्लीच कधी मिसळू नकोस, क्लोरिन निघतो, हेही. आणि अ‍ॅसिड अंगावर पडलंच तर हळद नको, टूथपेस्ट नको, खायचा सोडाही नको. नळाखाली धरायचं, घड्याळ लावून वीस मिनिटं, डोळा असेल तर पापण्या उघड्या धरून, आणि मग बाटलीसकट थेट दवाखाना.

पण त्याला रिकाम्या हातानं पाठवायचं माझ्या जिवावर आलं. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीत चुन्याची निवळी का घालतो, विचारलं. त्याला माहीत नव्हतं. उसाचा रस मुळात थोडा आंबट असतो. तो तसाच उकळला तर ती आंबटाई साखरेच्या रेणूचे दोन तुकडे करते, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज, आणि ढेप धरत नाही. चुन्यानं आंबटपणा मारला की गूळ कडक बसतो. सल्फ्युरिक साखरेचा कोळसा करतं. उसातलं एवढंसं आम्ल तीच साखर नुसती मधोमध तोडतं, आणि स्वतः खर्चही होत नाही. म्हटलं, आईला विचारून साखरेचा दाट पाक कर. अर्ध्यात लिंबू पिळून आणखी दहा मिनिटं उकळ, अर्धा तसाच उकळ. दोन बाटल्यांत भरून ठेव आणि रोज बघ.

काल दोन्ही बाटल्या घेऊन आला. एकीच्या तळाशी आणि भिंतींना खडीसाखरेसारखे टोकदार खडे धरले होते. दुसरी उलटी केली तर पाक मधासारखा संथ, एकही खडा नाही. तो बाटली उजेडात धरून मला म्हणाला, "सर, लिंबाच्या जागी चिंच घातली तर?"