दोन गाण्यांमधली शांतता

आमच्या घरी कुमार गंधर्वांच्या निर्गुणी भजनांची एक कॅसेट होती. बाबांची. ती इतकी वाजली की तिच्यावरची अक्षरं पुसून गेली. त्या कॅसेटची एक गंमत होती. भजन सुरू होण्याआधीच्या शांततेत नीट कान दिला, तर पहिला सूर अगदी अंधूक, दोन खोल्या पलीकडून आल्यासारखा ऐकू यायचा. लगेच मागोमाग तोच सूर खणखणीत यायचा. लहानपणी मला वाटायचं, कुमारजी आधी हळूच सूर लावून बघत असतील.

खरं कारण टेपमध्ये होतं. कॅसेटच्या टेपवर लोहाच्या ऑक्साइडचे बारीक कण असतात आणि आवाज त्यांच्या चुंबकत्वात साठवलेला असतो. टेप गुंडाळली की वेढ्यावर वेढा बसतो. एका वेढ्यावर जोरकस सूर असेल, तर त्याला खेटून बसलेल्या वेढ्यातल्या कणांनाही ते चुंबकत्व थोडंसं लागतं. कॅसेट महिनोन् महिने खणात पडून राहिली की हा ठसा उमटतो. सी-९० म्हणजे दीड तासाच्या कॅसेटची टेप सी-६० म्हणजे तासाभराच्या कॅसेटपेक्षा पातळ असते, म्हणून तिच्यात तो जास्त. शेजारचा वेढा नेमका शांततेचा असला, तर येणाऱ्या सुराची सावली आधीच ऐकू येते. कुमारजींच्या गाण्यात शांतता आणि एकदम उसळणारा सूर अगदी शेजारी शेजारी असतात, त्यामुळे तिथे ती लपत नाही.

त्याच खणात त्यांची आणखी एक कॅसेट होती, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. बालगंधर्वांची नाट्यपदं कुमारजींनी आपल्या पद्धतीने गायलेली. विसाव्या वर्षी मी ती लावली, दहा मिनिटं ऐकली आणि काढून ठेवली. ज्या गायकावर माझा इतका जीव, त्याचीच ही गाणी मला परकी वाटली. पुढची सव्वीस वर्षं तिला हात लावला नाही. गेल्या पावसाळ्यात घर आवरताना ती पुन्हा हाती आली, लावली, आणि दोन्ही बाजू संपेपर्यंत मी जागचा हललो नाही.

टेप तीच, गाणं तेच. मग या सव्वीस वर्षांत बदललं काय?

आवडीच्या गाण्यांबद्दल मानसशास्त्रात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. १९८९ मध्ये मॉरिस होलब्रूक आणि रॉबर्ट शिंडलर यांनी अमेरिकेत वेगवेगळ्या वयाच्या माणसांना १९३२ ते १९८६ या काळातली गाजलेली गाणी ऐकवली. सगळ्यात जास्त पसंती कुठे पडली? ऐकणारा साधारण २४ वर्षांचा असताना जी गाणी गाजत होती, त्यांच्यावर. या हिशेबाने माझा कान केव्हाच बंद व्हायला हवा होता. पण २०१३ मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या कॅरल क्रुमहान्सल आणि त्यांचे सहकारी जस्टिन झुपनिक यांना विशीतल्या मुलांच्या आवडीच्या आलेखावर दुसरंच एक टेकाड सापडलं. त्यांच्या आईवडिलांच्या तरुणपणी गाजलेली गाणीही या मुलांच्या मनात घट्ट बसली होती. घरात जे वाजतं ते मुलांत उतरतं. आमच्याकडे बाबांचे कुमार गंधर्व होते आणि आजीचे बालगंधर्व. आजी पोळ्या लाटताना ‘स्वयंवर’ नाटकातलं ‘नाथ हा माझा’ गुणगुणायची, ध्वनिमुद्रिकेवरच्या प्रत्येक हरकतीसकट.

माझी अडचण नेमकी तिथेच होती, हे मला आत्ता कळतंय.

आपण गाणं ऐकतो तेव्हा मेंदू नुसता ऐकत नाही, पुढे काय येणार याचा अंदाज बांधत असतो. मुंबईत जन्मलेले मेंदूवैज्ञानिक जमशेद भरुचा यांनी या अंदाजाचे दोन प्रकार वेगळे केले. एक अंदाज पाठांतराचा: हेच गाणं आधी ऐकलंय, आता हीच जागा येणार. दुसरा व्याकरणाचा: हा यमन राग आहे, म्हणजे या सुरानंतर सहसा हे येतं. दोन्ही एकाच वेळी चालू असतात आणि कधी कधी एकमेकांशी भांडतात. विसाव्या वर्षी यमनमधलं ‘नाथ हा माझा’ मला आजीच्या तोंडून पाठ होतं, पण यमनचं व्याकरण कानात जेमतेम होतं. कुमारजी ओळखीच्या जागेवरून वेगळीकडे वळले की माझ्या मेंदूला फक्त एवढंच कळायचं की हे चुकलं. शिवाय कुमारजी म्हणजे निर्गुणी, हा दुसरा ठसा होताच. ज्या दोन गोष्टी मला सगळ्यात प्रिय होत्या, त्यांनीच मिळून ही कॅसेट माझ्यापासून लपवून ठेवली.

कुमारजी लहानपणी मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हुबेहूब गाऊन दाखवत. ‘कुमार गंधर्व’ हे नाव त्यांना त्या वयातच मिळालं. म्हणजे नक्कल त्यांच्या गळ्यात बसलेलीच होती. पुढे क्षयामुळे देवासला अंथरुणाला खिळून काही वर्षं गाणं बंद राहिलं. स्ट्रेप्टोमायसिन हे क्षयावरचं औषध आलं आणि ते वाचले. त्यांच्या छोट्या, तुटक वाटणाऱ्या फेकींचं कारण दुबळं झालेलं फुफ्फुस, असं पुष्कळदा सांगितलं जातं. मला ते अपुरं वाटतं. श्वास कमी पडला म्हणून माणूस थांबेल, पण नेमकं कुठे थांबायचं ते त्याचं डोकं ठरवतं. त्या कॅसेटच्या नावातला ‘उमजलेले’ हा शब्द त्यांनी किती जपून वापरलाय! ज्याला हुबेहूब गाता येत होतं, त्याने हुबेहूब गायचं नाही असं ठरवलं.

आता कॅनडातल्या मॉन्ट्रियलकडे वळतो, कारण माझ्या प्रश्नाचं उत्तर मला तिथल्या एका प्रयोगात दिसतं. मॅकगिल विद्यापीठात व्हॅलोरी सॅलिमपूर आणि रॉबर्ट झटोरे यांच्या चमूने २०११ मध्ये दाखवलं, की ऐकताना अंगावर काटा येतो तेव्हा मेंदूत डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन सुटतं, आणि त्या क्षणाच्या थोडं आधीही, मेंदूच्या वेगळ्या भागात. जागा येण्याआधी तिची वाट बघण्यातही सुख असतं. हे झालं ओळखीच्या, आवडत्या गाण्याचं. २०१३ मध्ये त्यांनी उलट बाजूने बघितलं. लोकांना मेंदूची चित्रं घेणाऱ्या यंत्रात झोपवून, कधीच न ऐकलेल्या गाण्यांचे तुकडे ऐकवले आणि विचारलं, हे गाणं घ्यायला स्वतःच्या खिशातले किती पैसे द्याल? ज्या तुकड्यांना जास्त बोली लागली, ते ऐकताना मेंदूतलं सुखाचं एक केंद्र, न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बेन्स, जास्त जागं झालं होतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, त्या केंद्राचा ध्वनी ओळखणाऱ्या भागाशी संवाद वाढला होता. हा भाग म्हणजे आपण आजवर ऐकलेल्या सगळ्याचं कोठार. नवीन गाणं आवडतं ते जुन्या साठ्याच्या भरवशावर.

सव्वीस वर्षांत माझं कोठार भरत गेलं. मी गाणं शिकलो नाही, फक्त ऐकत राहिलो. बसमध्ये, स्वयंपाकघरात, रात्री झोप येईना तेव्हा. किती जणांचा यमन कानावरून गेला असेल त्याची गणती नाही. पाठांतराचा अंदाज सैल झाला, व्याकरणाचा पक्का झाला. त्यामुळे या वेळी कुमारजी वळले तेव्हा, ते कुठून निघाले आणि किती लांबून परत आले, हे मला दिसत होतं.

जर्मनीत २०१९ मध्ये पाश्चात्त्य पॉप गाण्यांमधल्या सुमारे ८०,००० स्वरमेळांचा (एकाच वेळी वाजणाऱ्या सुरांचा, म्हणजे कॉर्ड्सचा) संगणकाने हिशेब मांडून एक प्रयोग झाला. सुख दोन ठिकाणी सापडलं. पुढे काय येणार याची खात्री असताना भलतंच आलं तेव्हा, आणि काहीच अंदाज नसताना अगदी साधं, सरळ आलं तेव्हाही. आपल्याकडे स्वरमेळ नाहीत, तेव्हा हा निष्कर्ष रागसंगीताला जसाच्या तसा चिकटवू नये. पण खात्री नसेल तर धक्क्यातही मजा नाही, एवढं मला माझ्या विसाव्या वर्षावरून पटतं.

पहिल्या कॅसेटमधली ती सुराची सावली मात्र माझ्या मनातून जात नाही. २००५ मध्ये अमेरिकेत डार्टमथ कॉलेजातल्या संशोधकांनी गाण्यांमधले छोटे तुकडे कापून तिथे शांतता भरली आणि ती माणसांना ऐकवली. ओळखीच्या गाण्यातल्या शांततेत त्यांच्या मेंदूचा ध्वनीचा भाग कामाला लागला होता. अनोळखी गाण्यात तेवढा नाही. २००९ मध्ये दुसऱ्या एका चमूने याच्याही पुढे जाऊन दोन गाण्यांमधली शांतता तपासली. आवडत्या सीडीवरचं एक गाणं संपलं की पुढचं सुरू होण्याआधीच मेंदू त्याच्या तयारीला लागलेला असतो. गाण्यांचा क्रमही आपल्याला पाठ होतो. अख्खी कॅसेट एक सलग वस्तू म्हणून आत जाऊन बसते.

म्हणून तर निर्गुणी भजनं आज मोबाइलवर स्वच्छ ऐकतानाही, जिथे टेप नाही आणि ठसा उमटायला शेजारचा वेढाही नाही, तिथे मला पहिला सूर आधीच अंधूक ऐकू येतो.

‘मला उमजलेले बालगंधर्व’ मी पहिल्यांदा पूर्ण ऐकली त्या संध्याकाळी, एक पद संपलं की पुढची शांतता कोरी होती. नुसती टेपची खरखर आणि बाहेर पाऊस. दुसऱ्या आठवड्यातही तसंच. तिसऱ्या आठवड्यात एका रात्री भांडी घासत होतो, पद संपलं, नळ बंद केला, आणि पुढच्या पदाची पहिली ओळ टेपच्या आधी माझ्या तोंडून निघाली.