हिंगोलीचे सात डबे

परवा गावाकडच्या ग्रुपवर तो मेसेज परत आला, नासानं म्हणे मान्य केलंय की संस्कृत आणि देवनागरीच कॉम्प्युटरसाठी जगात सगळ्यात योग्य, आणि खाली सगळ्यांनी हात जोडलेले. मी तिथं काही बोललो नाही, पण झोपेपर्यंत डोक्यात तेच चालू होतं. कारण हीच देवनागरी फोनवर नुसती दिसावी म्हणून आम्ही काय काय केलंय ते मला चांगलं आठवतंय, आणि ती दिसावी म्हणून ज्यांनी खरंच काम केलं ते कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतात याचं वाईट वाटतं.

२०१० च्या आसपासची गोष्ट, नांदेडला खोली करून राहायचो, सोबतचा दोस्त सेनगावकडचा, घरी हळद. रोज संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन यायचा, "काय भावानं गेली रे हळद आज?" मग तो आपला बटनांचा फोन काढायचा, दोन इंची स्क्रीन, जीपीआरएसचं (तेव्हाचं अगदी हळू) नेट, आणि भावाचं पान उघडायचा. पान उघडलं की आकडे बरोबर दिसायचे पण गावांच्या नावाच्या जागी नुसते चौकोनी डबे. आता कुठला आकडा कुठल्या बाजाराचा? तर तो डबे मोजायचा. चार डबे म्हंजे वसमत, सहा म्हंजे नांदेड, सात म्हंजे हिंगोली. पाच आले की अडचण, कारण परभणीचे पण पाच आणि लातूरचे पण पाच.

तेव्हा मला हे मोजणं कसं काय जमतं ते कळत नव्हतं, आता कळतं. कॉम्प्युटरच्या पोटात अक्षर म्हणून काही नसतंच, नंबर असतात. जगातल्या सगळ्या लिप्यांना नंबर देणारी जी यादी आहे तिला युनिकोड म्हणतात, त्यात देवनागरीला १२८ नंबरांचा एक गाळा दिलाय, आणि तो आपल्याच देशात १९८८ साली तयार झालेल्या इस्की नावाच्या, भारतीय लिप्यांच्या नंबरांच्या यादीवरून घेतलेला आहे. या यादीत 'हि' ला वेगळा नंबर नाही, ह ला एक, ऱ्हस्व वेलांटीला एक, अनुस्वाराला एक. मग हिंगोली म्हंजे ह, वेलांटी, अनुस्वार, ग, ओकार, ल, वेलांटी, मोजा, सात. फोनमध्ये देवनागरीचा फॉन्ट नसला की प्रत्येक नंबरामागं एक डबा.

आता समजा फॉन्ट टाकला, तरी काम होत नाही, आणि मला सगळ्यात आवडणारा भाग इथून पुढं आहे. हिंगोलीमधली पहिली वेलांटी बघा, आपण ह म्हणतो आणि मग इ म्हणतो, साठवताना पण तसंच, आधी ह मग वेलांटी. पण कागदावर ती ह च्या आधी काढतो. म्हंजे साठवायचा क्रम बोलण्याचा आणि दाखवायचा क्रम डोळ्याचा, दोन्ही वेगळे. पूर्णा जंक्शनचं नाव घ्या, त्यात र आणि हलन्त हे ण च्या आधी साठवलेत, पण दिसताना तो र रफार होऊन ण ओलांडतो आणि शेवटी कान्याच्या डोक्यावर जाऊन बसतो. बीड, जालना, लातूर यांना असला त्रास नाही, सरळ एकामागं एक नाहीतर वरखाली. पण उस्मानाबाद (तेव्हा तेच नाव होतं) आलं की स अर्धा करून म ला चिकटवावा लागतो.

ही सगळी मांडणी करणारा एक वेगळा प्रोग्राम लागतो, त्याला शेपिंग इंजिन म्हणतात. तो आधी नंबरांची ओळ घेऊन तिचे उच्चाराप्रमाणं तुकडे पाडतो, प्रत्येक तुकड्यात मुख्य व्यंजन कोणतं ते ठरवतो, वेलांटी उचलून अक्षराच्या आधी नेतो, रफार उचलून अक्षराच्या नंतर नेतो, मग फॉन्टच्या आत जे तक्ते असतात त्यात बघतो की स, हलन्त, म असे लागोपाठ आले तर कुठली आकृती घ्यायची, आणि शेवटी अनुस्वाराचा टिंब नेमका कुठं ठेवायचा त्याचं माप घेतो. एका शब्दासाठी हे एवढं, आणि तुम्ही बोटानं पान वर सरकवता तेव्हा हजारो शब्दांचं झालेलं असतं. हे इंजिन नसलेल्या फोनवर वेलांटी चुकीच्या बाजूला लटकते, जोडाक्षराचे पाय मोडलेले दिसतात.

त्या दोन इंची फोनच्या ब्राउजरमध्ये हे नव्हतं, आणि तरी एक दिवस हिंगोली दिसली. ओपेरा मिनी नावाचा ब्राउजर नॉर्वेतल्या कंपनीचा, २००५ मध्ये तिकडंच चाचणी झाली आणि २००६ च्या जानेवारीत जगभर आला. त्याची युक्ती अशी की तो स्वतः पान उघडायचाच नाही. तुम्ही पत्ता टाकला की मागणी कंपनीच्या सर्व्हरकडं, तो मोठा कॉम्प्युटर खरं पान आणायचा, मांडायचा, चित्रं बारीक करायचा, आणि दाबून बसवलेला छोटा गठ्ठा फोनला पाठवायचा. फोनचं काम फक्त दाखवायचं. जीपीआरएसवर सेकंदाला चार-पाच केबी मिळायचे, ३०० केबीचं पान म्हंजे मिनिटभर बसा, तेच गठ्ठ्यात पाच-सात सेकंदात यायचं.

याच ब्राउजरमध्ये एक लपलेलं पान होतं, पत्त्याच्या जागी ओपेरा कोलन कॉन्फिग टाइप केलं की उघडायचं, आणि तिथं एक ओळ होती, कॉम्प्लेक्स स्क्रिप्टसाठी (म्हंजे अशी मांडणी लागणाऱ्या लिप्यांसाठी) बिटमॅप फॉन्ट, म्हंजे अक्षरांची चित्रं, वापरायचे का. तिथं येस केलं की झालं. म्हंजे वेलांटी आधी न्यायची, रफार नंतर न्यायचा हे सगळं सर्व्हरच करायचा आणि तयार मजकुराचे फोटो काढून पाठवायचा. आमच्या फोनला मराठी येतच नव्हती, तो चित्र दाखवत होता. अक्षरं जराशी पुसट, कॉपी करता यायची नाहीत, डेटा पण जास्त जायचा, पण दोस्त त्या दिवशी डबे न मोजता "हिंगोली" असं मोठ्यानं वाचून दाखवत होता.

मात्र कितीतरी मराठी पेपरांच्या साइटवर ही युक्ती पण चालायची नाही, कारण तिथं युनिकोडच नव्हतं, डीटीपीवाल्यांचे (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावणाऱ्यांचे) जुने फॉन्ट होते. त्यात आत इंग्रजी अक्षराचा नंबर आणि वर फक्त मराठी आकार चढवलेला, सर्व्हरला कसं कळणार ही मराठी आहे म्हणून.

आणि एक, असा मधला सर्व्हर असलेल्या ब्राउजरमधून बँकेचं काम करू नये. फोन ते सर्व्हर कुलूप असतं, सर्व्हर ते बँक पण असतं, पण मधे पान मांडायचं म्हंजे कुलूप उघडावंच लागतं. आजही 'नेट दसपट फास्ट करा' म्हणणारी ॲप लोक डोळे झाकून टाकतात, टॉवरकडून येतो तेवढाच वेग असतो, ॲप तो वाढवू शकत नाही, फार तर पान बारीक करून आणू शकतं, आणि त्यासाठी ते पान मधे कुणीतरी उघडतंय एवढं लक्षात ठेवा.

आता नासाचं. १९८५ साली रिक ब्रिग्ज नावाच्या नासाशी संबंधित संशोधकानं एका मासिकात लेख लिहिला होता, त्यात संस्कृत व्याकरणकारांची वाक्याचा अर्थ मांडायची पद्धत आणि कॉम्प्युटरमध्ये ज्ञान साठवायची पद्धत यांची तुलना होती. विचार करण्यासारखा विषय आहे, पण देवनागरी कॉम्प्युटरला सोपी आहे असं त्यावरून निघत नाही. उलट कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत आपली लिपी 'कॉम्प्लेक्स' मध्ये मोडते, आणि तो काही अपमान नाही, बोलण्याचा क्रम आणि लिहिण्याचा क्रम वेगळा ठेवण्याची किंमत आहे ती.

आज अँड्रॉइडवर क्रोम उघडा नाहीतर फायरफॉक्स, हे सगळं तुमच्या हातातच होतं. काम करणाऱ्या इंजिनाचं नाव हार्फबझ, फारसीतले दोन शब्द, हर्फ म्हंजे अक्षर आणि बाझ म्हंजे उघडं. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेल्या आमच्या आजोबांना हे नाव समजावून सांगावं लागलं नसतं. बेहदाद एस्फाहबोद या इराणमध्ये जन्मलेल्या माणसानं ते वाढवलं, कुणालाही फुकट वापरायला मोकळं आहे, आणि मराठीतला प्रत्येक मेसेज, त्या नासाच्या मेसेजसकट, अँड्रॉइडवर त्याच्यातूनच जातो.

तरी एक गोष्ट इंजिनाच्या हातात नाही. 'शेतकर्यांना' असं रफारवालं लिहिलेलं तुम्ही रोज बघत असाल, लोक म्हणतात फोनला मराठी नीट येत नाही. फोनचा दोष नाही त्यात. साधा र टाकून हलन्त आणि य टाकला तर इंजिन नियमाप्रमाणं रफारच करणार, आचार्यमध्ये करतं तसा. आपल्याला हवा तो आडवा र, त्याला युनिकोडमध्ये वेगळा नंबर आहे, खाली टिंब असलेला ऱ. बहुतेक कीबोर्डवर र दाबून धरला की तो वर येतो. तो घ्या, मग हलन्त, मग य. शेतकऱ्यांना.